मी न खाल्लेल्या कोंबड्या

माझ्या धाकट्या जावेनं मांसाहार सोडला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तुम्ही म्हणाल, तिनं सोडला तर तुमचं काय गेलं? बरोबर आहे. काहीच गेलं नाही. मी स्वतःलाही हेच चार महिने समजावत होते. पण पोट कुणाचं ऐकतं?

मी जन्मापासून शाकाहारी. मासा मी चित्रात पाहिला आणि तळ्यात पाहिला, ताटात नाही. लग्न होऊन आले ते घर मात्र उडणारं, पोहणारं, चालणारं सगळं खाणारं. त्या घरात सव्वीस वर्षं मी माझी वेगळी कढई आणि वेगळा डाव सांभाळला. न विसरता रोज कडधान्य भिजत घातलं. रक्तात लोह राहावं म्हणून पालक लोखंडी कढईतच परतला. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, कारण एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोळीत कुणाची हाडं उकळलेली असतील याचा नेम नसतो. मेजवानीत काकडी आणि पाव खाऊन 'छे हो, पोट भरलं' असं हसतमुखानं सांगितलं. या एवढ्या तपश्चर्येबद्दल सव्वीस वर्षांत मला एकच पदवी मिळाली, ती म्हणजे 'शेळी'. दिरानं दिली, सासूबाईंनी कायम केली.

आणि धाकटी! चार महिन्यांपूर्वी तिला डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, तिनं एका सोमवारी मांस सोडलं आणि शुक्रवारपर्यंत ती विभूती झाली. रक्तदाब उतरला, तीन किलो वजन उतरलं, कांती उजळली. जो तो तिला विचारायला लागला, "प्रथिनांचं कसं करता?" ती मान किंचित कलती करून सांगायची, "डाळ आणि भात एकत्र घ्यायचा, म्हणजे प्रथिनं पूर्ण होतात." हे मीच तिला सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्याला टेकून तिनं ते ऐकलं होतं.

सासूबाई आमच्याकडे राहतात. त्यांच्यासाठी दर रविवारी धाकटीकडून कोंबडीचा डबा यायचा, तो आता बंद झालेला. तरी कौतुक तिचंच!

"मनाचा निग्रह लागतो हो," सासूबाई म्हणाल्या, "एवढं आवडीचं सोडायचं म्हणजे काय खाऊ आहे?"

मी म्हटलं, "आई, मीही खात नाही."

"तुझं काय! सोडायला तुझ्याकडे होतंच काय?"

या वाक्याला उत्तर मी तीन दिवस शोधलं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. ती म्हणजे आमचे हे. लग्नानंतर वर्षभरात यांनी माझ्यासाठी मांसाहार सोडला होता, आपण होऊन. 'माझ्या पोराला गवत खायला लावलं' म्हणून सासूबाईंनी तो राग अजून सोडलेला नाही. पण मी मनातल्या मनात ते पदकासारखं मिरवायची. धाकटीनं स्वतःला बदललं असेल. मी एक अख्खा नवरा बदलला होता.

आम्ही तिघंही एकाच मोठ्या इस्पितळात नोकरीला. धाकटी स्वागतकक्षात, तिथे दिवसभर माणसं दिसतात. हे वीज विभागात, तिथे दिवसभर वायरी दिसतात. मी तळघरात चादरींच्या कोठारात, तिथे चादरी दिसतात. तर अशात एक दिवस सूचनाफलकावर कागद लागला. कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये शाकाहारी जेवणाचा वेगळा कक्ष सुरू होणार, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांमधूनच एक 'शाकाहार मार्गदर्शक' नेमणार. मार्गदर्शकाचा फोटो मोठ्या दालनात लावणार आणि पहिल्या बुधवारी त्याचं भाषण ठेवणार. इच्छुकांनी अर्ज करावेत.

धाकटीनं त्याच दुपारी अर्ज केला. मी संध्याकाळी केला. मला फोटोची हौस नाही. पण सासूबाईंची दर महिन्याची तपासणी त्याच इस्पितळात होते, आणि त्या दालनातून त्यांना चालत जावं लागतं, एवढंच.

अर्जाला 'शाकाहाराचा पुरावा' जोडायचा होता. आता खाल्ल्याचा पुरावा असतो, डाग पडतो, हाड उरतं. न खाल्ल्याचा पुरावा कुठून आणायचा?

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सरांना विचारलं. त्यांना आमच्या इमारतीत 'सल्लागार' म्हणतात, कारण विचारलं नाही तरी ते सांगतात. ते म्हणाले, "स्वतंत्र साक्षीदार हवा. घरचा चालत नाही. तुमची भाजीवाली गाठा."

भाजीवालीनं कौतुकानं लिहून दिलं, कागदी पिशवीच्या पाठीवर: 'या बाई अठरा वर्षं माझ्याकडून भाजी नेतात. घासाघीस फार करतात. दुधी नखानं टोचून बघतात. पण मटणवाल्याच्या बाजूला कधी वळल्या नाहीत.' मी म्हटलं, मधली दोन वाक्यं काढाल का? ती म्हणाली, "बाई, खरं लिहायचं तर सगळं लिहीन."

सरांना एवढ्यानं समाधान नव्हतं. "शास्त्रीय पुरावा जोडा. रक्त तपासा."

तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व इतकं कमी निघालं की डॉक्टर दचकले. "शाकाहाऱ्यांनी हे वेळच्या वेळी बघायचं असतं, ताई. दुधादह्यातून पुरत नाही कधीकधी. गोळ्या घ्या." मी विचारलं, "म्हणजे मी मांस खात नाही हे यावरून सिद्ध होतं ना?" ते म्हणाले, "तुम्ही गोळ्या घेत नाही हे सिद्ध होतं." पण मला आनंद झाला होता. धाकटीचं बी-बारा उत्तम होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त काहीतरी कमी होतं.

आता एकच कागद राहिला, कॅन्टीनचा दाखला. खरं तर कॅन्टीनशी माझा संबंधच नव्हता. मी एकोणीस वर्षं घरचा डबा चादरींच्या गठ्ठ्यावर बसून खाल्ला. कारण नोकरीला लागले त्याच आठवड्यात हे गंभीर चेहऱ्यानं तळघरात आले होते आणि म्हणाले होते, "तू कॅन्टीनमध्ये येऊ नकोस. दोन्ही पातेल्यांत एकच डाव घालतात. तुझ्याच्यानं बघवायचं नाही." मला किती बरं वाटलं होतं! बायकोच्या डावाची एवढी काळजी कुठला नवरा करतो?

कॅन्टीनच्या कारकुनानं चष्मा वर केला, वही काढली, पानं उलटली.

"मॅडम, तुमचं कार्ड लाल आहे. मिश्र आहार."

"शक्यच नाही. मी आहाराचा रकाना भरलाच नव्हता." हे खरं होतं. माणूस काय खातो हा त्याचा खाजगी प्रश्न आहे, सरकारी कागदावर का लिहावा, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी तरुण होते, तत्त्वं होती.

"रकाना रिकामा असला की आम्ही मिश्र धरतो. नियम आहे."

"असू दे. पण मी कधी जेवलेच नाही."

त्यानं बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, जरा आदरानं. "मॅडम, दर बुधवारी कोंबडी असते. एकोणीस वर्षांत तुम्ही नऊशे अठ्ठावीस बुधवार जेवला आहात. कोंबडीच्या बाबतीत अख्ख्या इस्पितळात तुमचा पहिला नंबर आहे."

मी वही ओढून घेतली. दर बुधवारी माझ्या नावापुढे सही होती. सही माझी नव्हती, पण ओळखीची होती. शेवटी लांब शेपटी, शेपटीखाली दोन टिंबं. तशीच सही आमच्या लग्नाच्या दाखल्यावर आहे.

माझ्या पायाखालची फरशी सरकली म्हणणार नाही, पण मी बाकावर बसले. कारकून वही घेऊन आत गेला, तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून वाढणारी मावशी म्हणाली, "कोण, वायरमन साहेबांच्या बाई का? साहेब बरे आहेत ना? मी बुधवारी पायाचा तुकडा बाजूला काढून ठेवते त्यांचा."

पायाचा तुकडा! बाजूला! मी पडदानशीन होऊन चादरींवर बसून मूग खात होते, आणि इथे एक परकी बाई एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्यासाठी पायाचा तुकडा बाजूला काढत होती! धाकटीबद्दल वाटत होतं ती पोटदुखी होती हो. हा भडका होता.

संध्याकाळी मी यांना भाजी निवडायला बसवलं आणि समोर उभी राहिले.

"नऊशे अठ्ठावीस," मी म्हटलं. एवढंच.

यांच्या हातातली मेथी खाली पडली. मग म्हणाले, "मी तुझं कार्ड बदलायलाच गेलो होतो गं. खरंच. बदलाचा अर्ज तीन पानी होता. रांग होती. आणि बुधवार होता. रांगेत वास येत होता."

"आणि तुमचं स्वतःचं कार्ड?"

"ते हिरवं. शाकाहारी."

"मग बुधवारी त्यावर कोण जेवायचं?"

"मीच. दोन्ही."

मला रडू यावं की हसू हे ठरेना, म्हणून मी मेथी उचलली. हे खालच्या आवाजात म्हणाले, "तुला दुखवायचं नव्हतं. घरी मी कधी..." मग म्हणाले, "दुसऱ्याच्या कार्डावर जेवणं गैरवर्तनात धरतात. चौकशी लागते. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत." एवढं बोलून ते दिव्याचं बटण उघडून त्यात डोकावत बसले. बटण चांगलं चालत होतं.

म्हणजे गंमत बघा. मी खरी शाकाहारी आहे हे सिद्ध करायचं तर नवऱ्याला पुढे करावं लागणार. नवऱ्याला वाचवायचं तर मला नऊशे अठ्ठावीस कोंबड्या पचवाव्या लागणार. अर्ज मागे घ्यावा म्हटलं, तर कारकुनानं आधीच वही समितीकडे पाठवली होती.

मुलाखतीच्या दिवशी बाकावर धाकटी माझ्या आधी बसलेली. पोपटी साडी, हातात रंगीत तक्ता, तक्त्यावर गाजर. "ताई, तुम्ही पण?" ती गोड हसली. "किती छान! घरातल्या घरात."

आत तिघं होते: आहारतज्ज्ञ बाई, मुख्य परिचारिका आणि तो कारकून. आणि चौथे, शिडीवर, छतातली दिव्याची नळी बदलणारे आमचे हे. ती नळी त्याच दिवशी, त्याच वेळी का गेली ते मला माहीत नाही. बहुधा यांना माहीत असावं.

आहारतज्ज्ञ बाईंनी माझे कागद चाळले. पिशवी वाचताना त्यांची भुवई दुधीपाशी वर गेली. मग त्यांनी वही उघडली.

"तुम्ही लिहिलंय की जन्मापासून शाकाहारी. आणि इथे तर... हे जेवण तुम्ही नाही घेतलं, तर मग कुणी घेतलं?"

शिडी करकरली. मी वर पाहिलं नाही. यांचे पाय मात्र मला दिसत होते. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. या माणसानं सव्वीस वर्षं माझ्यासमोर घेवडा खाल्ला, तोंड वाकडं न करता. खोटा खाल्ला असेल, पण खाल्ला.

"मीच घेतलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. पायाच्या तुकड्यासकट."

वरून एक स्क्रू पडला. टेबलावर दोनदा उडून तो वहीवर थांबला.

आता हाकलतील म्हणून मी पिशवी गोळा करायला लागले. पण आहारतज्ज्ञ बाई पुढे झुकल्या. "आणि आता सोडलंत?"

"आता..." मी म्हटलं, "आता एकही खात नाही." हे तरी खरं होतं.

"पण बी-बारा इतकं कमी?" त्या परिचारिकेकडे वळल्या. "बघा! इतकं मांस खाऊनसुद्धा यांच्या अंगी लागलं नाही. म्हणजे शरीर मुळातलं शाकाहारीच!" परिचारिकेनं मान डोलावली. "आपल्याला असंच माणूस हवं. चार महिने कुणीही काढतं. पण नऊशे अठ्ठावीस बुधवारांनंतर मागे वळणं!" त्यांचे डोळे भरून आले होते. कारकून उभाच राहिला.

अशा रीतीनं माझी नेमणूक झाली. जन्मभर शाकाहारी राहून जे मिळालं नाही, ते मला कोंबडीखोर म्हणून मिळालं. दालनात फोटो लागला, खाली ठळक अक्षरांत: 'एकोणीस वर्षांच्या मांसाहाराचा त्याग.' सासूबाई तपासणीला गेल्या, चालत दालनात शिरल्या आणि वाचायला थांबल्या.

घरी आल्या त्या चप्पल न काढताच. "चोरून खात होतीस! बाहेर कोंबड्या हाणायच्या आणि माझ्या पोराला घरी गवत? काय गं, एक तुकडा तरी आणलास कधी त्याच्यासाठी?"

बोलले तर यांचं पितळ उघडं पडणार. सासूबाईंच्या तोंडून बातमी धाकटीकडे आणि तिथून स्वागतकक्षात, म्हणजे गावभर. मी भांडी घासत राहिले. एकच पातेलं, तीनदा.

तेव्हा हे उठले. "आई, ते सगळं मी खाल्लं. हिनं अंगावर घेतलं, माझ्या नोकरीसाठी."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी लेकाकडे बघितलं आणि एकदम त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "म्हणजे उपाशी नव्हतास तू? इतकी वर्षं मी रात्रंदिवस झुरले रे!" मग तातडीनं, "मसाला कसा होता? खोबरं भाजून घालते का ती बाई?" मायलेकरांचं दहा मिनिटं त्यावरच चाललं. शेवटी माझी आठवण झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "धाकटीला यातलं काही सांगायचं नाही." आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन त्यांनी स्वतः विसळलं. एवढं माझ्यासाठी त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

भाषण मात्र करायचं राहिलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी विषय दिला: 'सोडताना काय वाटलं?' जे कधी चाखलं नाही ते सोडताना काय वाटतं, हे मला कोण सांगणार? रविवारी सकाळी यांना मटार सोलायला बसवून मी विचारलं आणि वही घेऊन बसले.

हे आधी लाजले. मग म्हणाले, "रस्सा आधी भातात जिरू द्यायचा. घाई करायची नाही." मटार थांबले. "हाडाजवळचं असतं ना, ते शेवटी ठेवायचं. गरम असताना सुटतं ते..." आणि यांनी डोळे मिटले.

मी लिहून घेतलं. पण खरं सांगू? माझ्या एकाही भाजीसाठी या माणसानं कधी डोळे मिटले नव्हते. कशी झालीय विचारलं की म्हणायचे, 'झालीय.' मेलेल्या कोंबडीचा हेवा करणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

बुधवारी भाषण झालं. सभागृह गच्च. मी भिजवलेल्या कडधान्याचं सांगितलं, बी-बाराच्या गोळीचं सांगितलं, तेव्हा लोक जांभया देत होते. पण रस्सा भातात जिरायला लागला तसं सगळं शांत झालं. हाडापाशी आले तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं आवंढा गिळला. भाषण संपल्यावर पाच जणांनी हिरव्या कार्डासाठी नावं दिली. कोंबडीच्या रांगेत नेहमीच्या दुप्पट माणसं होती, ते अहवालात लिहिलेलं नाही.

धाकटी जिन्यापाशी थांबली होती. साडीच्या पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, मी सोडलं तेव्हा मला एवढं काही झालंच नाही हो. मी मुळात इतकं मन लावून कधी खाल्लंच नव्हतं." आणि मग, दुसरीकडे बघत, "तुमचं भाग्य."

तिच्या आवाजात ते होतं. मी लगेच ओळखलं. चार महिने ते माझ्या पोटात राहून गेलं होतं. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून मी तिचा तक्ता हातात घेतला आणि म्हटलं, "तुझं गाजर छान आलंय. कक्षाच्या भिंतीवर लावू." ती हसली. खरं हसली.

नवीन कक्ष त्याच दिवशी सुरू झाला. मार्गदर्शक म्हणून माझा पहिला हुकूम होता: स्वतंत्र डाव. तो नवा कोरा, चकचकीत डाव मावशीच्या हातात होता आणि तिच्यासमोर हिरवं कार्ड घेऊन, मान खाली घालून, आमचे हे उभे होते. तिनं त्यांच्या ताटात घेवडा वाढला. यांनी उभ्याउभ्याच एक घास घेतला.

आणि डोळे मिटले.

घेवड्यासाठी! सव्वीस वर्षं मी रांधला तो घेवडा!

मी मधेच रांगेत घुसले, ताट पुढे केलं. "मलाही वाढा," मी म्हटलं. एकोणीस वर्षांत कॅन्टीनमधला माझा हा पहिला घास. मावशी आणि हे, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सावकाश चावला. मीठ तपासलं, शिजला किती ते तपासलं, खोट शोधली.

"ठीक आहे," मी म्हटलं.

चांगला होता. फारच चांगला झाला होता. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.